परदेशी पगार, चियांग माईतलं घर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पगार अमेरिकेतून किंवा युरोपातून येतो, काम लॅपटॉपवर चालतं आणि राहणं थायलंडच्या उत्तरेला, चियांग माईत. अशा राहण्याबद्दल पुण्या-मुंबईतले, नाशिक-नागपूरचे आणि अमेरिकेतलेही मराठी लोक जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. व्हिसा आणि कर यांचे नियम बदलत राहतात. निर्णयाआधी थाई वकिलातीचं संकेतस्थळ स्वतः उघडून बघा आणि परदेशी उत्पन्नाची कामं करणाऱ्या सीएला पैसे देऊन सल्ला घ्या.

चियांग माई खरंच स्वस्त आहे का?

पगार डॉलर, पौंड किंवा युरोत असेल तर हो. रुपयांत असेल तर फारसं नाही. हे आधी स्पष्ट सांगते, कारण अर्धे लोक इथेच फसतात. थायलंड स्वस्त असल्याचं आपण युरोपीय आणि अमेरिकी लोकांकडून ऐकलेलं असतं, आणि त्यांची तुलना बर्लिनशी किंवा सिअ‍ॅटलशी असते. आपली पुण्याशी असते. काही वर्षांपूर्वी एक बाट सव्वादोन रुपयांच्या आसपास मिळायचा, आता तो अडीच ते तीन रुपयांच्या पट्ट्यात असतो. कोथरूडमध्ये स्वतःचा फ्लॅट आहे, स्वयंपाकाला मावशी येतात आणि पगार भारतीय कंपनीकडून रुपयांत मिळतो, असं असेल तर चियांग माईत तुमचा खर्च वाढेल. हवापालट म्हणून जरूर जा, पण बचतीचा हिशोब मांडून जाऊ नका.

एका माणसाला महिन्याला किती लागतात?

साधं पण नेटकं राहायचं तर ३५ ते ४५ हजार बाट धरा. त्यात एका खोलीच्या कॉन्डोचं, म्हणजे इमारतीतल्या फ्लॅटचं, भाडं १० ते १५ हजार, वीज-पाणी दीड ते अडीच हजार, जेवण दहा-बारा हजार आणि भाड्याची स्कूटर तीन हजारांच्या आसपास. उरलेल्यात विमा, फोन, कधीमधी बाहेरगावी जाणं. रस्त्यावरच्या साध्या ठिकाणी एक जेवण ५० ते ८० बाटमध्ये होतं. निम्मान या गजबजलेल्या भागातल्या कॅफेत कॉफी आणि केकचाच याहून जास्त खर्च येतो, आणि रोज तिथे बसून काम करणाऱ्यांचं अंदाजपत्रक कोलमडतं ते तिथेच.

यात भारतात येण्याजाण्याची तिकिटं धरलेली नाहीत. आईवडील सत्तरीच्या पुढे असतील तर दुसऱ्या दिवशी घरी पोचता येईल एवढे पैसे कायम बाजूला ठेवा. मुंबई-बँकॉक विमान साडेचार तासांचं आहे, पण आयत्या वेळी काढलेलं तिकीट महाग पडतं.

व्हिसा कोणता घ्यायचा?

बहुतेकांसाठी डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. तो जुलै २०२४ मध्ये सुरू झाला. मुदत पाच वर्षं, कितीही वेळा ये-जा, आणि एका प्रवेशावर १८० दिवस राहता येतं. वय किमान २० हवं, खात्यात किमान ५ लाख बाट असल्याचा पुरावा हवा, आणि नोकरी किंवा गिऱ्हाइकं थायलंडबाहेरची असल्याची कागदपत्रं हवीत. नोकरदाराला कंपनीचं पत्र आणि करार लागतो. स्वतंत्र काम करणाऱ्याला करार, बिलं आणि केलेल्या कामाचे नमुने. मूळ फी १०,००० बाट, वकिलातीनुसार कमीजास्त. अर्ज थायलंडच्या बाहेर असताना, ई-व्हिसाच्या संकेतस्थळावरून करायचा. नवरा-बायको आणि २० वर्षांखालची मुलं सोबतीचे म्हणून अर्ज करू शकतात.

पगार मोठा असेल, वर्षाला ८० हजार डॉलरच्या वर, आणि कंपनीही मोठी असेल, तर दहा वर्षांचा एलटीआर, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा, व्हिसा बघा. त्याच्या कागदपत्रांचा व्याप जास्त आहे, पण परदेशी उत्पन्नावर थाई करातून सूट मिळते. नुसत्या या एका मुद्द्यावर तो अनेकांना परवडतो.

दोन्हींवर वर्क परमिटशिवाय थाई कंपनीचं काम करता येत नाही. तिथल्या हॉटेलचं संकेतस्थळ करून देणं किंवा ओळखीच्यांच्या कॅफेत दोन दिवस मदत करणं, दोन्हीला वर्क परमिट लागतं.

नुसतं पर्यटक म्हणून जाऊन लॅपटॉपवर काम केलं तर कोण बघतंय?

जुलै २०२४ मध्ये भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी ६० दिवस व्हिसाशिवाय राहायची सवलत आली. तिच्या मुदतीबद्दल तेव्हापासून फेरविचार होत आला आहे, म्हणून तिकिटाआधी सध्याचा नियम बघा. सवलत चालू असेल तर तिच्यावर चार-सहा आठवडे राहून शहर अंगाला लागतं का ते पाहणं शहाणपणाचं आहे. मात्र दर दोन महिन्यांनी सीमा ओलांडून परत येण्यावर वर्षभराचा संसार उभा करू नका. तिसऱ्या-चौथ्या खेपेला विमानतळावरचा अधिकारी प्रश्न विचारतो, आणि प्रवेश द्यायचा की नाही हे त्याच्या हातात असतं. घरभाड्याचा करार, सामान, नोकरी सगळं आत आणि तुम्ही बाहेर, ही वेळ ओढवून घेऊ नये.

मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाट दंड आहे, कमाल २०,०००. दंडापेक्षा पासपोर्टवरची नोंद जास्त महागात पडते.

कंपनीला सांगायलाच हवं का?

हो. व्हीपीएन लावून आपण अजून पुण्यातच आहोत असं भासवणं हा अनेकांचा बेत असतो, आणि तो मला अजिबात पटत नाही. तुम्ही दुसऱ्या देशात बसून काम करता तेव्हा कंपनीवर तिथल्या कराची आणि कामगार कायद्याची जबाबदारी येऊ शकते. तुमच्या माहितीच्या सुरक्षेचे नियमही देशाला बांधलेले असू शकतात. गोष्ट उघडकीला आली तर नोकरी जाते, आणि ज्या नोकरीच्या जोरावर व्हिसा मिळाला तोही लटकतो. शिवाय डीटीव्हीसाठी कंपनीचं पत्र लागतंच, तेव्हा लपवून साधत काहीच नाही. परवानगी लेखी घ्या, आणि पत्रात ‘थायलंडमधून काम करण्यास हरकत नाही’ असं स्पष्ट वाक्य असू द्या.

कर कुठे भरायचा? थायलंडमध्ये, भारतात की दोन्हीकडे?

हा प्रश्न सगळ्यात उशिरा विचारला जातो आणि सगळ्यात जास्त पैसे यावरच ठरतात, म्हणून इथे सविस्तर.

आधी थायलंड. जानेवारी ते डिसेंबर या वर्षात १८० दिवस किंवा जास्त राहिलात की तुम्ही तिथले कर-निवासी, म्हणजे कराच्या हिशोबात तिथले रहिवासी, होता. १ जानेवारी २०२४ पासून नियम असा आहे की त्यानंतर कमावलेलं परदेशी उत्पन्न थायलंडमध्ये आणलं तर त्यावर कर लागतो. त्याआधी त्याच वर्षी आणलेल्या पैशावरच कर होता, त्यामुळे लोक एक वर्ष थांबून पैसे आणायचे. ती वाट आता बंद झाली. पूर्वीच्या लोकांचा सल्ला ऐकताना एवढं ध्यानात ठेवा. शिवाय थायलंडमध्ये बसून केलेल्या कामाचा पगार परदेशी धरायचा की थायलंडमध्येच कमावलेला, या मुद्द्यावर सल्लागारांत मतभेद आहेत. आपल्या बाबतीत कोणती बाजू लागू पडते हे लेखी विचारून घ्या.

कराचा बोजा वाटतो तेवढा नाही. समजा वर्षात ४ लाख बाट करपात्र धरले. पगारी उत्पन्नातून खर्चापोटी १ लाख आणि वैयक्तिक वजावट ६० हजार वजा होतात. उरले २ लाख ४० हजार. पहिले दीड लाख करमुक्त, पुढच्या ९० हजारांवर ५ टक्के, म्हणजे ४,५०० बाट. एवढ्यासाठी रात्रीची झोप घालवण्यात अर्थ नाही. विवरणपत्र पुढच्या वर्षी मार्चअखेर भरायचं.

आता भारत. तुमचं वर्ष इथे एप्रिल ते मार्च. नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचा त्या वर्षीचा भारतातला मुक्काम १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी ठरतो. साधा अर्थ: निघायचंच असेल तर २८ सप्टेंबरपर्यंत निघा. नोव्हेंबरात निघालात तर ते पूर्ण वर्ष तुम्ही निवासी राहता, आणि मार्चपर्यंतचा परदेशी पगारही भारतात करपात्र होतो. तुमची रिमोट नोकरी ‘नोकरीसाठी देश सोडणं’ यात बसते का, हे सीएकडून आधी नक्की करून घ्या.

अनिवासी झालात तरी एक खाच आहे. अनिवासी माणसाला भारतात मिळालेलं उत्पन्न भारतात करपात्र असतं. पगार थेट तुमच्या भारतातल्या खात्यात पडत असेल तर तो ‘भारतात मिळाला’ असं धरलं जाऊ शकतं. म्हणून पगार आधी परदेशातल्या खात्यात घ्यावा आणि तिथून लागेल तेवढा घरी पाठवावा. भारतीय कंपनीकडून रुपयांत पगार घेणाऱ्यांना ही सोय नाही. त्यांचा टीडीएस कापला जाणारच. भारत आणि थायलंडमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, त्यामुळे एकीकडे भरलेल्या कराची वजावट दुसरीकडे मागता येते, पण त्यासाठी भरल्याची कागदपत्रं हवीत. पहिल्या दिवसापासून एक फाइल करा: पासपोर्टवरचे शिक्के, विमानाची तिकिटं, भाड्याची पावती, पगाराच्या स्लिपा.

आणखी एक. भारतातलं तुमचं भाडं, व्याज, भांडवली नफा मिळून वर्षाला १५ लाखांच्या वर जात असेल आणि तुम्ही कुठल्याच देशात कर भरायला बांधील नसाल, तर भारत तुम्हाला निवासी धरू शकतो. ‘कुठलाच देश माझा नाही, म्हणून कर नाही’ हा हिशोब अशा लोकांच्या बाबतीत टिकत नाही.

भारतातल्या बँक खात्यांचं काय करायचं?

अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करून घ्यावं लागतं. बाहेरून पैसे आणायला एनआरई खातं उघडा. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालवता येतं, नवं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडात केवायसी बदला. ओटीपी येणारा भारतातला मोबाइल नंबर मात्र जिवापाड सांभाळा.

थायलंडमध्ये बँक खातं उघडणं अलीकडे अवघड झालं आहे. एका शाखेने नाही म्हटलं तर दुसरीत जाऊन बघावं. खातं नसेल तर भाजीवालीकडचा क्यूआर तुमच्या कामाचा नाही. रोख बाळगा, आणि एटीएममधून एकदाच मोठी रक्कम काढा, कारण परदेशी कार्डावर दर वेळी २२० बाट किंवा जास्त कापले जातात.

मी अमेरिकेत एच-वन-बीवर आहे. सहा महिने चियांग माईतून काम करू का?

बहुधा नाही. तुमचा दर्जा त्या नोकरीला आणि ठिकाणाला बांधलेला आहे; आधी कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोला. ग्रीनकार्डवाल्यांनी लांबलचक अनुपस्थितीने कार्ड धोक्यात येतं हे विसरू नये. अमेरिकेचे नागरिक आणि ग्रीनकार्डवाले जगात कुठेही राहिले तरी त्यांना अमेरिकेत विवरणपत्र भरावंच लागतं.

घर कसं शोधायचं?

भारतात बसून सहा महिन्यांचे पैसे भरू नका. पहिला आठवडा लॉजवर काढा आणि पायी फिरा. निम्मान सोयीचं पण महाग आणि गजबजलेलं. जुन्या शहरात, खंदकाच्या आत, देवळांच्या सावलीत राहणं सुंदर आहे, पण खोल्या जुन्या. मला सांतितम आवडतं: निम्मानपासून जवळ, शेजारी थाई कुटुंबं, सकाळी गल्लीच्या तोंडाशी चिकट भात आणि निखाऱ्यावरचं केळं मिळतं. बऱ्याच इमारतींच्या दारावरच ‘खोली भाड्याने’ची पाटी असते. आत जाऊन विचारा. ऑनलाइन दिसणाऱ्या भाड्यापेक्षा इथलं भाडं कमी असतं.

करारात दोन महिन्यांचं डिपॉझिट असतं. सही करण्याआधी विजेचा दर विचारा. सरकारी बिल साधारण ४ बाट युनिटने येतं, पण कित्येक मालक ७-८ बाट लावतात, आणि एप्रिलमध्ये दिवसभर एसी चालला की तो फरक हजारांत जातो. किल्ली घेताना मीटरचा आकडा, भिंतीवरचे डाग, गादीची खालची बाजू, एसीचा रिमोट, सगळ्याचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी लाइनवर पाठवा. इथे व्हॉट्सअ‍ॅप नव्हे, लाइन चालतं.

टीएम-३० आणि ९० दिवसांची नोंद म्हणजे काय?

परदेशी माणूस राहायला आल्यावर २४ तासांत घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं, तो टीएम-३०. सलग ९० दिवस झाले की आपण आपला पत्ता कळवायचा, ती दुसरी नोंद. टीएम-३० ची पावती नसेल तर पुढे मुदतवाढीला अडतं, म्हणून जो मालक ‘त्याची गरज नाही’ म्हणेल त्याचं घर घेऊ नका. शिवाय मे २०२५ पासून देशात शिरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड ऑनलाइन भरावं लागतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी आहेत.

अमेरिकेच्या वेळेत काम करून तिथे राहणं जमतं का?

न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे चियांग माईत रात्रीचे ८, हिवाळ्यात ९. पूर्ण पाळी केली तर पहाट होते. सॅन फ्रान्सिस्कोची वेळ तर याहून वाईट. वर्षभर असं केलं तर शहर तुम्हाला फक्त झोपेतून उठल्यावर संध्याकाळचं दिसेल. लंडनची वेळ दुपारी तीन-चारला सुरू होते, ती उत्तम: सकाळ मोकळी, शहरालगतच्या डोई सुतेप डोंगरावर जाऊन यायला वेळ. अमेरिकी कंपनी असेल तर निदान निम्मं काम आपल्या वेळेत करायची मुभा आधी मागून घ्या.

धुराबद्दल ऐकलं ते खरं का?

खरं आहे. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत आसपासच्या डोंगरांत जंगलं आणि शेतं पेटवली जातात, मक्याचे खुंट जाळले जातात, म्यानमार आणि लाओसकडूनही धूर येतो. शहर डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात असल्यामुळे धूर बसून राहतो. त्या दिवसांत चियांग माई जगातल्या सर्वात प्रदूषित शहरांच्या यादीत वर असतं. एरवी खिडकीतून समोर उभा असलेला डोई सुतेप मार्चमध्ये दिसेनासा होतो, आणि सकाळी स्कूटरच्या सीटवर राखेचे बारीक कण बोटाला लागतात. दमा असेल, लहान मूल असेल, घरात गरोदर बाई असेल तर हे दोन-अडीच महिने तिथे राहूच नका. दक्षिणेच्या बेटांवर जा किंवा घरी या. इतरांनी हवा शुद्ध करणारं यंत्र घ्यावं आणि एन-९५ मास्क वापरावा. वर्षाच्या खर्चात या काळातल्या दुसऱ्या मुक्कामाचे पैसे धरा.

शाकाहारी माणसाचं कसं होतं?

थोडं शिकलं की उत्तम होतं. ‘मांग साविरात’ म्हटलं की मांस वगळतात, पण नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, राहू शकतं. ‘जे’ म्हणा: त्यात मासा, अंडं काहीच नसतं, कांदा-लसूणसुद्धा नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ते लिहिलेलं दिसतं. सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, समोर उखळात कुटून देतात, तेव्हा वाळलेली कोळंबी आणि नाम प्ला घालण्याआधीच बाईंना थांबवा, त्या आनंदाने वेगळं करून देतात. तूरडाळ, मसाले बाजारात मिळतात. वारोरोत बाजाराच्या आसपास भारतीय वंशाच्या कापडवाल्यांची जुनी दुकानं आहेत आणि शहरात गुरुद्वाराही आहे. आमसुलं आणि गोडा मसाला घरून न्या.

स्कूटर, अपघात, दवाखाना?

भारतातून निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि त्यावर दुचाकीचा शिक्का आहे ना ते बघा. नुसता मोटारीचा परवाना असताना स्कूटरवर अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते. भारतातली मेडिक्लेम पॉलिसी बहुधा भारताबाहेर चालत नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय आरोग्य विमा वेगळा घ्या. खासगी रुग्णालयं चांगली आहेत, बिलंही तशीच येतात. एप्रिलच्या १३ ते १५ ला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण, असतो. त्या आठवड्याला थाई लोक स्वतःच ‘सात धोकादायक दिवस’ म्हणतात. तेव्हा स्कूटर बाहेर काढू नका.

आमच्यासारख्यांमुळे तिथल्या लोकांना घरं महाग होतात का?

होतात, आणि हा प्रश्न विचारणाऱ्याबद्दल मला आदर वाटतो. जानेवारी २०२५ पासून चियांग माई शहराच्या तालुक्यात किमान वेतन दिवसाला ३८० बाट आहे. महिन्याचे २६ दिवस काम केलं तर ९,८८०. आपण ज्या खोलीला १५ हजार देऊन ‘किती स्वस्त’ म्हणतो, ती खोली झाडणाऱ्या बाईंचा महिन्याचा पगार त्या भाड्याच्या दोन तृतीयांशाएवढा आहे. आपल्याला मिळणारी स्वस्ताई आपल्या कौशल्यातून आलेली नाही, ती दोन देशांतल्या मजुरीच्या फरकातून आलेली आहे.

याची दुसरी बाजू आपल्याला परकी नाही. गोव्यात आसगाव, शिवोली, हणजुणे इथे बाहेरचे पैसे आले, जुनी घरं व्हिला झाली, आणि गावातल्याच मुलांना गावात भाड्याने घर परवडेना. गोव्यात आपण त्याबद्दल तळमळून बोलतो. चियांग माईत आपण त्या बाहेरच्यांच्या जागी असतो.

म्हणून काय करायचं? माझं उत्तर ठाम आहे. सांगितलेलं भाडं डोळे मिटून देऊ नका. शेजारी काय देतात ते विचारा आणि तेवढंच द्या, कारण जास्त दिलेलं भाडं पुढच्या थाई भाडेकरूवर पडतं. भाजीवालीशी मात्र दहा बाटसाठी घासाघीस नको. पर्यटकांना दिवसावर दिलेल्या कॉन्डोपेक्षा वर्षाच्या कराराचं घर घ्या. जिथे थाई लोक जेवतात तिथे जेवा, आणि लागेल तो कर भरा, कारण रस्ते आणि सरकारी दवाखाने तुम्हीही वापरता. थाई भाषा शिका. पहिल्या वर्षात निदान आकडे, भाज्या, दिशा आणि ‘तब्येत कशी आहे’ एवढं आलंच पाहिजे. आणि राजघराण्याबद्दल चेष्टेनेही काही लिहू-बोलू नका; कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांची शिक्षा आहे.

मुलांना घेऊन जावं का?

आंतरराष्ट्रीय शाळांची फी भरली की स्वस्ताईचा सगळा हिशोब संपतो. शाळेचं वय होण्याआधी एक-दोन वर्षं, असं असेल तर छान.

परत येताना काय बघायचं?

तारीख. कायमचं परतताना त्या आर्थिक वर्षातला भारतातला मुक्काम ६० दिवस किंवा जास्त झाला, आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे राहिलेले असाल, तर तुम्ही पूर्ण वर्षासाठी निवासी ठरू शकता. म्हणजे डिसेंबरात परतलात तर मागच्या एप्रिलपासूनचा परदेशी पगार भारतात करपात्र होण्याची शक्यता आहे. गणपतीला, दिवाळीला येऊन राहिलेले दिवसही यात मोजले जातात. जुन्या अनिवासींना परतल्यावर दोन-तीन वर्षं मिळणारी सवलत दोन वर्षं बाहेर राहिलेल्याला सहसा मिळत नाही, कारण त्यासाठी आधीच्या सात वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांच्या आत असावा लागतो, किंवा दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असावं लागतं. शक्य असेल तर मार्चमध्ये परता. तेव्हा तिकडे धूरही असतो.

घरमालकाला कराराप्रमाणे महिनाभर आधी लेखी कळवा, किल्ली घेताना काढलेले मीटरचे फोटो हाताशी ठेवा आणि डिपॉझिट हातात पडल्यावरच किल्ली द्या. थाई खातं असेल तर शेवटचं विवरणपत्र भरेपर्यंत बंद करू नका. परतावा त्यातच येतो. भारतात आल्यावर बँकेला कळवून एनआरई-एनआरओ खाती पुन्हा निवासी करून घ्या, आणि परकी चलन तसंच ठेवायचं असेल तर आरएफसी खात्याबद्दल विचारा.